अंदाजपंचे नको: सूर्यापासून आपल्या अँटेनापर्यंतचा रोजचा अंदाज कसा बांधावा

१० मे २०२४, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. आमरसाचं पान वाढेपर्यंत दहा मिनिटं रेडिओवर काढावीत म्हणून मी १५ मीटर बँडवर एका जपानी स्टेशनशी बोलत होतो. साडेबाराला थोडा वेळ असताना त्याचा आवाज विहिरीत उतरत गेल्यासारखा खाली गेला. पाठोपाठ बँडची नेहमीची खरखरही बसली. मी अँटेनाच्या कोॲक्स केबलच्या कनेक्टरला शिव्या घालत मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर चढलो, पाना घेऊन सगळं पिळून आलो. कनेक्टर ठणठणीत होता. पाऊण तासाने बँड आपोआप परत आला आणि आमरस तोवर कोमट झाला होता.

दोष सूर्याचा होता. १२ वाजून २४ मिनिटांनी एक्स ३.९ ताकदीचा फ्लेअर, म्हणजे सूर्यावरचा स्फोट, शिखरावर पोचला होता आणि त्या वेळी सूर्य आपल्या डोक्यावर होता. सिग्नल गेला आणि सोबत खरखरही गेली, तर गच्चीवर जायचं नसतं, हे मी तेव्हा शिकलो. त्याच रात्री साडेदहानंतर पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन आदळलं. ऑक्टोबर २००३ नंतरचं ते पहिलं जी-५, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं वादळ.

उपग्रहांच्या सिग्नलवर जमिनीची मोजणी हा माझा धंदा, हॅम रेडिओ हा छंद. दोन्हीकडे सिग्नल आयनोस्फिअरमधून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांतून जातो, त्यामुळे त्याचा अंदाज बांधणं माझ्यासाठी पोटापाण्याचंही काम आहे. तयार अंदाज भरपूर आणि फुकट मिळतात, पण ते सगळ्या जगासाठी असतात आणि त्यांची नजर बहुतेक करून ध्रुवाकडच्या देशांवर असते. सांगली, नाशिक, रत्नागिरीसाठी त्याच आकड्यांचा अर्थ वेगळा लावावा लागतो. इकडे आधी घड्याळ बघायचं, मग कॅलेंडर, मग सूर्य, आणि केपी, म्हणजे चुंबकीय खळबळीचा जागतिक आकडा, सगळ्यात शेवटी. मी रोज कसं करतो ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: घड्याळ

सगळे आकडे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येतात. साडेपाच तास मिळवायचे, एवढंच. पण हे तोंडी न ठेवता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण चुका इथेच होतात. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. अमेरिकेच्या बोल्डर शहरातलं अवकाश हवामान केंद्र, म्हणजे एसडब्ल्यूपीसी, तीन दिवसांचा अंदाज ००:३० आणि १२:३० यूटीसीला देतं. आपल्या घड्याळात सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. चहाच्या वेळा आहेत, लक्षात राहतात.

केपी दर तीन तासांचा असतो, म्हणून तक्त्यात दिवसाचे आठ रकाने येतात. त्यातला १२ ते १५ यूटीसीचा रकाना लाल पेनाने अधोरेखित करा. तो आपला साडेपाच ते साडेआठ, म्हणजे ऐन दिवेलागणीचा. तो का महत्त्वाचा, हे पुढे येईल.

दुसरी पायरी: जमीन किती भिजली आहे

पेरणीआधी शेतकरी कालच्या एका सरीवर जात नाही, जमिनीत ओल किती मुरली ते बघतो. सोलर फ्लक्सचं तसंच आहे. १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर सूर्याकडून येणारी रेडिओ ऊर्जा कॅनडातल्या पेंटिक्टनला रोज मोजतात. सूर्य थंड असताना हा आकडा ६५-७० च्या आसपास असतो, ऐन भरात असताना २०० च्या पुढे जातो. १९४७ पासूनची नोंद सलग उपलब्ध आहे. फ्लक्सच्या ऊर्जेने आयनोस्फिअर तयार होत नाही. ते काम अतिनील किरणांचं. पण त्या किरणांच्या चढउतारासोबत फ्लक्सही चढतो-उतरतो, म्हणून खूण म्हणून उपयोगी पडतो.

आज फ्लक्स १४० वरून १९० झाला म्हणून १० मीटर बँड आजच उघडेल असं नसतं. अधिकृत मोजमाप २० यूटीसीला, आपल्या रात्री दीडला होतं. नेमका त्याच वेळी फ्लेअर झाला तर आकडा फुगतो. एका दिवसाची उडी दिसली तर आधी ते तपासा. मी मागच्या सात दिवसांची आणि मागच्या ९० दिवसांची सरासरी बघतो. सात दिवसांची सरासरी दीडशेच्या वर असेल, तर फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारी १० मीटर उघडा मिळण्याची आशा ठेवतो. शंभराच्या खाली असेल तर १५ मीटरवरच समाधान मानतो.

त्यापुढे एमयूएफ, म्हणजे दिलेल्या अंतरासाठी परतून येणारी सगळ्यात वरची वारंवारता. आयनोसोंड यंत्र सरळ वर पल्स सोडतं आणि एफ-२ थरातून कोणत्या वारंवारतेपर्यंत प्रतिध्वनी येतो ते सांगतं. त्याला एफ-ओ-एफ-२ म्हणतात. ती ८ मेगाहर्ट्झ असेल, तर ३,००० किलोमीटरच्या उडीसाठी साधारण तिप्पट, म्हणजे २४. रोजच्या वापरासाठी त्यातले ८५ टक्के धरा: २०.४. म्हणजे १५ मीटर (२१ मेगाहर्ट्झ) काठावर, १० मीटर (२८) विसरा, २० मीटर (१४) खात्रीचा. इतका हिशोब पाठ केला तरी कुठल्या ॲपची मदत न घेता निम्मं काम होतं.

तिसरी पायरी: दिवसाचा धोका, फ्लेअर

फ्लेअरचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पोचतात. तो झाला हे कळतं तेव्हा त्याचा परिणाम सुरू झालेला असतो. त्यामुळे कोणत्या मिनिटाला होणार हे कोणी सांगू शकत नाही. दिवसभरातली शक्यता तेवढी सांगता येते.

त्यासाठी सूर्याचा चेहरा बघायचा. डागांचा समूह किती मोठा आहे याहून त्यातली उत्तर आणि दक्षिण चुंबकीय ध्रुवता किती गुंतली आहे याला महत्त्व. समूहापुढे बीटा-गामा-डेल्टा लिहिलं असेल तर एकाच सावलीत दोन विरुद्ध ध्रुवता कोंबल्या आहेत, आणि असं स्थळ फुटायला टपलेलं असतं. मे २०२४ चा १३६६४ क्रमांकाचा समूह असाच होता. त्याची रुंदी पृथ्वीच्या व्यासाच्या सोळा पट झाली होती आणि ग्रहणाचा चष्मा लावून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

दर्जा असा: एम-१ पासून रेडिओ ब्लॅकआउटचा आर-१ सुरू होतो, एम-५ ला आर-२, एक्स-१ ला आर-३. त्याखालच्या सी दर्जाच्या फ्लेअरने आपलं काही बिघडत नाही. समाजमाध्यमांवर त्याच्याही बातम्या होतात, तिकडे दुर्लक्ष करा.

आता घड्याळ वापरा. फ्लेअरचा फटका फक्त उजेडाच्या बाजूला बसतो. रात्री अकराला एक्स-५ झाला तरी आपल्याला तेव्हा काही होत नाही. अंदाजात एम दर्जाची शक्यता ३५ टक्के दिली असेल तर ती पूर्ण २४ तासांची. आपल्या बारा तासांच्या उजेडासाठी हिशोब करायचा. न होण्याची शक्यता ०.६५, त्याचं वर्गमूळ सुमारे ०.८१, म्हणजे आपल्या दिवसात होण्याची शक्यता १९ टक्क्यांच्या आसपास. भीती निम्म्यावर आली.

फटका बसतो तो ६० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या डी थरामुळे. क्ष-किरणांनी तो दाट होतो आणि लहरी गिळतो. हे शोषण साधारण वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं: २१ मेगाहर्ट्झच्या तुलनेत ७ मेगाहर्ट्झवर नऊ पट. म्हणून फेडआउटमध्ये, म्हणजे असा सिग्नल बुडाला की, खाली न जाता वरच्या बँडवर जायचं. नवखा माणूस नेमकं उलट करतो. परत येतानाही वरचे बँड आधी येतात, ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) शेवटी.

चौथी पायरी: दोन-तीन दिवसांनी येणारं

इथे दोन वेगळे पाहुणे आहेत. कोरोनल होल हा ठरलेल्या वेळेचा. सूर्य पृथ्वीवरून पाहिल्यास सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो. मागच्या फेरीत ज्या छिद्रातून वेगवान सौर वारा आला, ते टिकून असेल तर २७ दिवसांनी पुन्हा समोर येतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, केपी ५ गेलेला दिवस गोल करतो आणि तिथून २७ घरं मोजून पेन्सिलीने फुली मारतो. सूर्य उताराला लागल्यावरच्या वर्षांत ही पेन्सिल भल्याभल्या मॉडेलांच्या बरोबरीने चालते.

सीएमई, म्हणजे सूर्याने फेकलेला वायूचा आणि चुंबकीय क्षेत्राचा ढग, हा न सांगता येणारा. १९९५ मध्ये सोडलेल्या सोहो यानावरच्या कोरोनाग्राफमध्ये सूर्याची तबकडी झाकलेली असते आणि भोवतीचं दिसतं. तिथे तबकडीभोवती पूर्ण कडं पसरताना दिसलं तर ढग आपल्याकडे येतोय, किंवा बरोबर उलट दिशेला जातोय. कोणतं ते ओळखायला त्याच वेळी समोरच्या बाजूला फ्लेअर झाला होता का ते बघायचं. अतिवेगवान ढग १५ ते १८ तासांत पोचतो, रमतगमत येणारा तीन-चार दिवस घेतो. सौर वाऱ्याच्या एनलिल या संगणकी मॉडेलचं चलचित्र ढग येण्याची वेळ देतं, पण तिला दहा-बारा तास इकडेतिकडे धरूनच चाला. दहा तास म्हणजे आपल्यासाठी दुपार की मध्यरात्र इतका फरक.

जी-३ चा इशारा वाचून मी एकदा दोन रात्रींचं रस्त्याच्या मोजणीचं काम पुढे ढकललं. भाड्याने घेतलेली गाडी, दोन माणसं, सगळं थांबवलं. ढग आला, अगदी सांगितल्या वेळेला आला, पण त्याचं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे होतं. केपी तीनच्या वर गेला नाही. रोव्हर, म्हणजे मोजणीचा उपग्रह-रिसीव्हर, रात्रभर छान चालला असता. ठेकेदाराने त्यानंतर महिनाभर मला "सूर्य कसा आहे?" असं विचारून घेतलं.

पाचवी पायरी: शेवटचा तास

ढगातल्या चुंबकीय क्षेत्राची ती दिशा आधी कळत नाही. ढग पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूवरून जातो तेव्हाच तिथल्या यानांना कळते. अमेरिकेचं एस हे यान तिथे आहे. आपलं आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला तिथे पोचलं. त्यावरही चुंबकमापी आहे. सौर वारा ४०० किलोमीटर प्रति सेकंद असेल तर एल-१ पासून इथवर यायला तासभर, ८०० असेल तर अर्धा तास. एवढाच खरा पूर्वइशारा.

आलेखात बीझेड नावाची रेघ बघा. ती शून्याच्या खाली म्हणजे ढगाचं क्षेत्र दक्षिणेकडे. पृथ्वीचं क्षेत्र सूर्याकडच्या कडेला उत्तरेकडे असतं. दोन्ही उलट पडले की एकमेकांत मिसळतात आणि दार उघडतं. रेघ क्षणभर खाली गेली तर काही होत नाही. उणे १० नॅनोटेस्ला किंवा त्याखाली तीन तास टिकली तर मोठं वादळ जवळजवळ नक्की. वाऱ्याचा वेग आणि घनता हे मी त्यानंतर बघतो. कितीही जोराचा वारा असला, बीझेड उत्तरेला असेल तर मी झोपायला जातो.

सहावी पायरी: आपल्या डोक्यावरचं आभाळ

इथपर्यंतचं जगात कुठेही सारखं आहे. खरी गंमत इथून पुढे.

केपी ठरवायला १३ वेधशाळांच्या नोंदी वापरतात आणि त्या ४४ ते ६० अंश चुंबकीय अक्षांशांच्या पट्ट्यातल्या आहेत. त्यात भारतातली एकही नाही. म्हणजे केपी हा दुसऱ्याच्या गावचा पाऊस. आपल्या गावचा पर्जन्यमापक अलिबागला आहे. मुंबईत कुलाब्याला चुंबकीय वेधशाळा होती. सप्टेंबर १८५९ च्या महावादळात तिथल्या नोंदीत क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं होतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळा अलिबागला नेली. १९०४ पासून तिथे काम चालू आहे. आता ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि संस्थेचं मुख्यालय नवी मुंबईत.

अलिबागचा आडव्या क्षेत्राचा आलेख शांत दिवशी दुपारकडे सावकाश फुगतो आणि संध्याकाळी बसतो. आयनोस्फिअरमधले दिवसाचे प्रवाह त्याला कारण. तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीला हाच फुगवटा बराच मोठा असतो, कारण चुंबकीय विषुववृत्त त्याच्या जवळून जातं आणि तिथे सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर इलेक्ट्रोजेट नावाचा पूर्वेकडे वाहणारा प्रवाह असतो. तिरुनेलवेलीतून अलिबाग वजा केलं की इलेक्ट्रोजेटची ताकद उरते. शास्त्रज्ञ हीच वजाबाकी वापरतात. मे २०२४ सारख्या वादळात मात्र दोन्हीकडचे आलेख एकदम खोल दरीत उतरतात.

इलेक्ट्रोजेटशी आपला संबंध असा: ज्या विद्युत क्षेत्राने तो वाहतो, तेच क्षेत्र विषुववृत्तावरचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, वर उचलतं. वर गेलेला प्लाझ्मा चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तर-दक्षिणेला उतरतो, कारंज्याच्या पाण्यासारखा. आपल्याकडे त्याचा ढीग अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात पडतो. गोवा, कोल्हापूर उताराच्या खालच्या भागात, मुंबई मध्यावर, नागपूर ढिगाच्या माथ्याजवळ. म्हणून एकाच दुपारी गोव्यातून आणि नागपुरातून उपग्रहाचा सिग्नल वेगवेगळा उशिरा पोचतो. एक टेक युनिट, म्हणजे एका चौरस मीटरच्या उभ्या खांबात १० चा १६ वा घात इतके इलेक्ट्रॉन, जीपीएसच्या एल-१ या वारंवारतेवर (वरच्या एल-१ बिंदूशी तिचा संबंध नाही) १६ सेंटिमीटरची चूक घालतो. आपल्या नाविक उपग्रहांच्या एल-५ वारंवारतेवर २९ सेंटिमीटर. भरलेल्या दुपारी १०० युनिट झाले तर एल-१ वर १६ मीटर. दोन वारंवारतांचा रोव्हर ही चूक वजा करून टाकतो, त्यामुळे दुपारी आपल्याला ती जाणवत नाही.

सूर्यास्तानंतर ती युक्ती अपुरी पडते. सूर्य मावळला की खालचे थर विरतात, वरचा एफ थर थोडा वेळ आणखी उंच उचलला जातो, आणि जड प्लाझ्मा वर आणि रिकामी जागा खाली अशी स्थिती होते. मग खालून विरळ बुडबुडे वर सुटतात, उकळत्या कढीत सुटतात तसे. ते शेकडो किलोमीटर वर चढतात आणि चुंबकीय रेषांना धरून आपल्यापर्यंत पसरतात. त्यातून जाणारा उपग्रहाचा सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो. त्याला सिंटिलेशन म्हणतात. रोव्हर दर काही सेकंदांनी उपग्रह सोडतो, पुन्हा पकडतो, आणि पडद्यावर 'फिक्स'च्या जागी 'फ्लोट' येतं. सेंटिमीटरचं काम डेसिमीटरवर जातं.

हे कधी होतं ते कॅलेंडर सांगतं. आपल्या रेखांशावर मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे मुख्य महिने. त्या दिवसांत सूर्यास्ताची रेषा चुंबकीय रेषेला जवळपास समांतर येते आणि थराच्या दोन्ही टोकांना एकदम अंधार होतो. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत जास्त. वेळ साधारण साडेसात-आठपासून मध्यरात्रीपर्यंत. यात केपीची गरजच नाही. सप्टेंबरअखेर केपी १ असलेल्या रात्री मी बिनधास्त काम घेतलं, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेकडचे उपग्रह आधी, मग डोक्यावरचे, असे एकेक करत पडद्यावरचे सिग्नलचे खांब नाचायला लागले. बुडबुडे रात्री पूर्वेकडे सरकतात, म्हणून हा क्रम. पावणेअकरापर्यंत आम्ही चार माणसं एका खांबाभोवती चहा पीत बसलो होतो. जी-३ ला काही झालं नाही, केपी १ ला रात्र गेली. त्या दोन प्रसंगांनंतर मी वहीतले रकाने बदलले.

वादळ यात भर घालतं किंवा उलट वाचवतं, वेळेवर अवलंबून. बीझेड आपल्या दिवेलागणीला जोरात दक्षिणेकडे वळलं, तर ध्रुवाकडचं विद्युत क्षेत्र थेट विषुववृत्तापर्यंत घुसतं आणि थराला आणखी वर ढकलतं. मग डिसेंबरमध्ये किंवा जूनमध्येही बुडबुडे सुटू शकतात. १२ ते १५ चा रकाना त्यासाठीच लाल. पण वादळ सुरू होऊन बरेच तास झाले असतील, तर तापलेल्या ध्रुवीय वातावरणातून निघालेले वारे उलट दिशेचं क्षेत्र तयार करतात, संध्याकाळची उचल दबते आणि रात्र शांत जाऊ शकते. ऐन वादळाच्या दुसऱ्या दिवशी रोव्हर मस्त चालताना पाहून गोंधळू नका.

एचएफवाल्यांसाठी, म्हणजे लघुलहरींवर दूरवर बोलणाऱ्यांसाठी, दिशा महत्त्वाची. मुंबईहून न्यूयॉर्कचा सगळ्यात जवळचा मार्ग वायव्येकडून ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि आइसलँडवरून, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून जातो. वादळात तो आधी मरतो. न्यू जर्सीतल्या भाच्याशी ठरवलेली वेळ केपी ५ ला मी सरळ रद्द करतो आणि फोन लावतो. दक्षिण आफ्रिकेचा मार्ग हिंदी महासागरावरून जातो, त्याला ध्रुवाचं देणंघेणं नाही.

सातवी पायरी: वहीत लिहायचं

मनातला अंदाज हा अंदाज नव्हे. घटना घडल्यावर आपण सगळेच "मला वाटलंच होतं" म्हणतो. सकाळी साडेसहाच्या आत आकड्यात लिहायचं. समजा सप्टेंबरचा तिसरा आठवडा आहे. सात दिवसांचा सरासरी फ्लक्स १५५, एम दर्जाची शक्यता ३५ टक्के, येणारा सीएमई नाही, पेन्सिलीची फुली तीन दिवसांवर, १२ ते १५ च्या रकान्यात केपी २. मी लिहीन:

दुपारी दोन ते सहा १५ मीटरवर युरोप: ८० टक्के. १० मीटर: ५० टक्के. उजेडात फेडआउट: २० टक्के. रात्री आठ ते साडेअकरा रोव्हर फ्लोटवर जाणे: ६० टक्के. काम सव्वासातला गुंडाळणे किंवा साडेबारानंतर सुरू करणे.

शेवटच्या ओळीसाठी बाकीचा खटाटोप असतो. करायचं काय ते न सांगणारा अंदाज वहीत जागा खातो.

आठवी पायरी: पडताळणी

रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येक ओळीपुढे झालं तर १, नाही झालं तर ०. सांगितलेल्या शक्यतेतून ते वजा करून वर्ग करा. ६० टक्के म्हटलं आणि झालं, तर ०.४ चा वर्ग ०.१६. ९० टक्के छातीठोक म्हटलं आणि झालं नाही, तर ०.८१. महिन्याची सरासरी जितकी लहान तितकं चांगलं. याला ब्रायर स्कोअर म्हणतात, हवामान खात्यांची तीच फूटपट्टी. शेजारी आणखी एक रकाना ठेवा: 'काल झालं तेच आज'. हा बिनडोक अंदाज हरवायला फार अवघड असतो. सलग दोन महिने तो तुमच्या पुढे असेल, तर तुम्ही बातम्या जास्त आणि घड्याळ कमी बघताय.

बँड खरंच उघडा होता का हे कुणी बोलत होतं का यावर ठरवू नका. कामाच्या दिवशी उघड्या बँडवरही शुकशुकाट असतो. जागतिक बीकनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सिग्नल सोडणाऱ्या केंद्रांची, साखळी वापरा: १८ केंद्रं, १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झ, प्रत्येकी दहा सेकंद, तीन मिनिटांत एक फेरी. आधी १०० वॉटवर मोर्समध्ये नाव आणि एक लांब डॅश, मग १० वॉट, १ वॉट आणि दशांश वॉटचा एकेक डॅश. शेवटचा ऐकू आला तर बँड उघडाच नव्हे, सताड आहे.

फोनचं घड्याळ नेटवरून जुळवून घ्या आणि १४.१०० वर सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स ऐकायचा मोड, लावून बसा. फेरी दर तासाच्या शून्य मिनिटापासून मोजा. पहिला मिनिट संपताच जपान, १ मिनिट ४० सेकंदांना दक्षिण आफ्रिका, २ मिनिट १० सेकंदांना फिनलंड. एखादं केंद्र दुरुस्तीसाठी बंदही असतं, म्हणून एका रात्रीवर जाऊ नका, आठवडाभर ऐका. रोज येणारं फिनलंड गेलं आणि दक्षिण आफ्रिका जागेवर राहिली, तर केपी बघायच्या आधीच वहीत 'उत्तर बंद' लिहा आणि अलिबागचा आलेख उघडा.